साठी, बुद्धी आणि घोरणं

आपल्या या पानावर आपण बहुतेक वेळा जुन्या वाड्यांच्या, शाळांच्या, गणपतीच्या आणि आजीच्या हातच्या पदार्थांच्या आठवणी लिहितो. आज विषय जरा वेगळा आहे, पण आठवणींशीच जोडलेला आहे. या आठवणी ज्या डोक्यात साठवलेल्या असतात त्या डोक्याचं रात्री काय होतं, त्याबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या भाषेत एक म्हण आहे, ‘साठी बुद्धी नाठी’. माझं स्पष्ट मत असं की या एका म्हणीने आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं एखाद्या आजारानेही केलं नसेल. माणूस साठ-पासष्टच्या पुढे गेला, नावं विसरायला लागला, चिडचिड करायला लागला, पेपर वाचता वाचता मान टाकायला लागला, की आपण म्हण टाकतो आणि विषय संपवतो. ‘वय झालं आता, चालायचंच.’ आणि तोच माणूस रात्री घोरत असला तर त्यावर विनोद करतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो, हे आपल्या गावीही नसतं.

आम्ही बडोद्याचे. दांडिया बाजारातल्या वाड्यात माझं बालपण गेलं. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडून ओळीने गाद्या पडायच्या आणि रात्री कुणाचं इंजिन कधी सुरू होतं यावर आम्हा मुलांच्या पैजा लागायच्या. शेजारच्या गुजराती काकी म्हणायच्या, ‘तमारा भाई तो बहु नसकोरां बोलावे!’ लग्नघरात तर घोरणाऱ्या पुरुषांची खोलीच वेगळी असायची. त्या खोलीत कोण झोपणार यावर वऱ्हाडात हशा व्हायचा. इंदूरला, ग्वाल्हेरला, बेळगावलाही हेच असणार, कारण घोरण्याला आपल्याकडे सगळीकडे एकच अर्थ आहे: गाढ झोप. ‘काय डाराडूर झोपलाय बघा, नशीबवान माणूस.’

तर हा नशीबवान माणूस पुष्कळदा झोपलेलाच नसतो. तो रात्रभर श्वासासाठी झगडत असतो.

स्लीप ॲप्निया म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगतो. उसाचा रस पिताना कागदी नळी भिजून मऊ झाली की काय होतं? ओढायला गेलं की नळी चिकटते आणि रस वर येत नाही. झोपेत आपल्या घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, मानेभोवती चरबी आहे, किंवा वयामुळे तिथले स्नायू ढिले झालेत, त्यांची श्वासाची वाट त्या भिजल्या नळीसारखी मिटते. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस अर्धवट जागा होतो, मोठ्ठा फुर्रर्र आवाज करून श्वास घेतो आणि पुन्हा झोपेत जातो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबला की त्याला एक घटना धरतात. पूर्ण न थांबता अर्धवट अडला आणि प्राणवायू उतरला तर तीही मोजतात. तासाला ५ ते १५ घटना म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. तीव्र म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा गळा आवळून सोडल्यासारखं, तेही रात्रभर, आणि वर्षानुवर्षं.

हे दुर्मीळ आहे असं कुणाला वाटत असेल तर आकडे ऐका. २०१९ साली ‘लॅन्सेट’च्या श्वसनविषयक नियतकालिकात आलेल्या अंदाजाप्रमाणे जगात ३० ते ६९ वयाच्या सुमारे ९४ कोटी लोकांना हा त्रास कमी-जास्त प्रमाणात आहे. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी भारतातले अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये मांडलेला अंदाज दहा कोटींच्या वर जातो. बप्पी लाहिरी २०२२ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. दोन दिवस सगळीकडे चर्चा झाली आणि मग आपण विसरलो.

हृदयाचं आणि रक्तदाबाचं लोकांना थोडंफार माहीत असतं. मला बोलायचंय ते मेंदूबद्दल, आणि त्यातही म्हाताऱ्या मेंदूबद्दल.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या फार तर दोन टक्के, पण प्राणवायू खातो वीस टक्क्यांच्या आसपास. त्याच्या आत कानाच्या वरच्या बाजूला खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग आहे. नवी आठवण पक्की करायचं काम मुख्यतः तिथे होतं. आणि प्राणवायू कमी पडला की सगळ्यात आधी ज्यांना झळ लागते त्या भागांपैकी हा एक. म्हणजे आठवणींचा मुनीमच सगळ्यात नाजूक तब्येतीचा.

दुसरी गोष्ट झोपेची. दिवसभर जे ऐकलं, पाहिलं, शिकलं, ते नीट लावून ठेवायचं काम गाढ झोपेत आणि स्वप्नांच्या झोपेत होतं. वय वाढतं तशी गाढ झोप तशीही कमी होत जाते. त्यात दर दोन मिनिटांनी कुणी खांद्याला धरून हलवलं तर राहणार काय? स्वप्नांच्या झोपेत तर स्नायू सगळ्यात जास्त सैल असतात, म्हणून तिथे श्वास अडणं बहुतेकांत आणखी वाढतं.

तिसरी गोष्ट रक्तवाहिन्यांची. प्रत्येक वेळी श्वास अडून सुटला की रक्तदाब उसळी मारतो. रात्री खरं तर दाब उतरायला हवा, इथे तो चढतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचं बीपी आवरत नाही अशा लोकांत स्लीप ॲप्निया पुष्कळ सापडतो. मेंदूतल्या केसाएवढ्या बारीक वाहिन्या हे धक्के किती वर्षं सोसणार? पक्षाघाताचा धोका वाढतो तो यामुळेही.

चौथी गोष्ट अलीकडची आणि अजून वादातली आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की झोपेत मेंदूच्या पेशींमधली जागा रुंदावते आणि साचलेला कचरा धुतला जातो. अल्झायमरमध्ये साठणारं अमिलॉइडही त्या कचऱ्यात आलं. नंतर २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने उलटा निष्कर्ष काढला. त्यामुळे ‘झोपेत मेंदूची धुणी-भांडी होतात’ हे व्हॉट्सॲपवर फिरणारं वाक्य मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण पहिल्या तीन गोष्टी तेवढ्याने खोट्या ठरत नाहीत.

माणसांवरचा एक अभ्यास मात्र मला महत्त्वाचा वाटतो. २०११ साली अमेरिकेत क्रिस्टीन याफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९८ वृद्ध स्त्रिया घेतल्या. सरासरी वय ८२, आणि सुरुवातीला कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. त्यांच्या झोपेची तपासणी केली आणि जवळजवळ पाच वर्षांनी बुद्धीची तपासणी केली. ज्यांचा श्वास रात्री अडत होता त्यांच्यापैकी सुमारे ४५ टक्के स्त्रियांत स्मरणशक्तीचा आजार सुरू झाला होता. ज्यांचा अडत नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्के होतं. आणि संबंध जुळला तो प्राणवायू कमी पडण्याशी. किती तास झोपल्या, किती वेळा झोप मोडली, याच्याशी तसा जुळला नाही. ‘मी तर आठ तास झोपतो’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता घरची गोष्ट.

आमचे भाऊकाका म्हणजे कुटुंबाचं दप्तर. गायकवाडी राज्याचे प्रांत, कडी, नवसारी, अमरेली, कुठे आपला कोण कारकून होता, कुणाची बदली कुठे झाली, सगळं तोंडपाठ. डभोईच्या छोट्या रेल्वेचं तर त्यांना वेड. १८६२ साली डभोई ते मियागाम ती लाईन सुरू झाली तेव्हा गाडी बैल ओढायचे, हे मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. मोडी वाचायचे. कुणाच्या लग्नाची पत्रिका करायची असली की कुळाची माहिती विचारायला लोक त्यांच्याकडे यायचे.

सत्तरीच्या आसपास काकांत फरक पडला. आधी दुपारी झोपाळ्यावर मान टाकायचे ते सकाळी दहालाच टाकायला लागले. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडायचे. गॅस चालू राहिला, बँकेत एकाच चेकवर दोनदा सही झाली. सगळ्यात वाईट म्हणजे चिडायला लागले. आयुष्यभर हसतमुख माणूस, तो रिमोट सापडला नाही म्हणून काकूंवर ओरडला. घरात प्रत्येकाचं निदान तयार होतं. कुणी म्हणालं रिटायर झाल्याचं आता लागतंय, कुणी म्हणालं मुलगा पुण्याला गेला त्याचं मनाला लावून घेतलंय. आणि आत्याने म्हण टाकली. साठी बुद्धी नाठी.

डॉक्टरांना दाखवलं. काका म्हणाले, रात्री चार-पाचदा लघवीला उठावं लागतं, झोप पुरी होत नाही. एवढं ऐकून एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. घोरण्याबद्दल प्रश्न विचारला नाही. गोळीने काका जास्तच मंद झाले. स्लीप ॲप्नियात झोपेच्या आणि गुंगीच्या पुष्कळशा गोळ्या घातक ठरू शकतात, कारण त्या स्नायू आणखी सैल करतात आणि जागं करणारी घंटाही मंद करतात. आणि रात्री वारंवार लघवीला उठणं हे नेहमी प्रोस्टेटचंच नसतं. श्वास अडला की हृदयावर ताण येतो, त्यातून जास्त लघवी तयार करणारा एक संप्रेरक सुटतो. हे मात्र पुष्कळ घरांत कुणाला माहीत नसतं.

निदान शेवटी कशामुळे झालं? काकूंच्या एका वाक्यामुळे. माझी चुलत बहीण सुट्टीत आली होती, ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिने काकूंना विचारलं, ‘रात्री ते कसे झोपतात?’ काकू म्हणाल्या, ‘अगं, वीस वर्षं मी त्यांचा श्वास मोजतेय. थांबला की मी एक, दोन, तीन म्हणते. पंचविसाच्या पुढे गेलं की खांदा हलवते.’

वीस वर्षं! एक बाई रोज रात्री अंधारात आकडे मोजत जागी होती आणि इतक्या डॉक्टरांपैकी, इतक्या नातेवाइकांपैकी तिला कुणी विचारलं नव्हतं. काकू स्वतःहून का बोलल्या नाहीत? त्यांचं उत्तर, ‘त्यात काय सांगायचं? सगळेच पुरुष घोरतात. आणि चारचौघांत नवऱ्याचं घोरणं काय सांगायचं.’

तपासणी झाली. तासाला ४२ घटना. सात तासांचा हिशेब केला तर रात्रीत जवळजवळ तीनशे वेळा. प्राणवायू ७४ पर्यंत उतरत होता. कोरोनाच्या काळात ९० च्या खाली आकडा गेला की आपण कशी धावपळ करत होतो, ते आठवा.

मग सीपॅप मशीन आलं. नाकावर मुखवटा आणि त्यातून हवेचा सौम्य दाब, म्हणजे ती भिजली नळी आतून उघडी राहते. कल्पना साधी आहे. १९८० मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी पहिल्यांदा ती वापरली, आणि हवेसाठी चक्क व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीसारखी जुळणी केली होती. त्याआधी तीव्र रुग्णाला उपाय एकच, गळ्याला भोक पाडायचं.

काकांना पहिले तीन आठवडे मशीन नको झालं. ‘मी काय फायटर विमानात बसलोय का?’ मुखवटा दोनदा बदलला, नाक कोरडं पडायचं म्हणून पाण्याची टाकी लावली. दीड महिन्यानंतर सकाळची डोकेदुखी गेली. दिवसा मान टाकणं जवळजवळ थांबलं. चिडचिड उतरली, आणि काकूंच्या मते तेवढ्यानेच मशीनचे पैसे फिटले. स्मरणशक्ती? खरं सांगतो, सगळी परत आली नाही. नावं अजून अडतात, मोडी वाचताना पूर्वीसारखा वेग नाही. पण वाक्य अर्धं सुटत नाही, आणि डभोई रेल्वेची गोष्ट आता शेवटपर्यंत जाते.

हे इतक्या सविस्तर सांगितलं कारण मला चमत्काराची जाहिरात करायची नाही. मशीन लावलं की डिमेन्शिया टळतो, असं आज कुणी खात्रीने सांगू शकत नाही. अमेरिकेत हजाराहून जास्त लोकांवर सहा महिन्यांची मोठी चाचणी झाली, २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. त्यात बुद्धीवरचा फायदा थोडा आणि तात्पुरताच दिसला, तोही मुख्यतः तीव्र रुग्णांत. २०१६ मध्ये हृदयविकार असलेल्या २७०० हून अधिक लोकांची चाचणी आली, त्यात भारतातलेही रुग्ण होते. तिथेही हृदयाच्या झटक्यांत फरक दिसला नाही, पण लोकांनी मशीन रात्री सरासरी तीन-सव्वातीन तासच वापरलं होतं. उलट बाजूला इटलीतल्या एका लहान अभ्यासात तीन महिने नियमित उपचारानंतर हिप्पोकॅम्पससह मेंदूच्या काही भागांत सुधारणा दिसली. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली, त्यांत स्लीप ॲप्निया स्वतंत्र कारण म्हणून नाही. पण रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा आणि नैराश्य त्या यादीत आहेत, आणि या चारही गोष्टींशी याचं जवळचं नातं आहे.

मग कुणी विचारेल, पुरावा अपुरा आहे तर एवढा आग्रह कशासाठी?

माझं उत्तर असं. मी भविष्याची खात्री मागत नाहीये. मी आजचा दिवस मागतोय. ज्याला आज दिवसा जागं राहता येतं, आज वाक्य पुरं करता येतं, आज बायकोवर ओरडावं लागत नाही, त्याचा आज सुधारला. दहा वर्षांनी काय होईल ते शास्त्रज्ञ शोधतील. पण रात्री तीनशे वेळा गळा आवळला जातोय हे कळल्यावरही ‘वय झालं’ म्हणणं, ही माणुसकी नाही. आणि दुसरं, ज्याला आपण म्हातारपणाचा विसराळूपणा म्हणतो त्यातला काही भाग उपचाराने सुधारणारा असतो. फक्त झोपच नाही. बी-१२ ची कमतरता, जी आपल्या शाकाहारी घरांत भरपूर आहे, थायरॉइड, नैराश्य, बहिरेपण, सगळं तपासून मगच ‘डिमेन्शिया’ हा शब्द उच्चारावा. आपण मात्र शब्द आधी उच्चारतो आणि तपासणी करतच नाही.

आता बायकांबद्दल. हा पुरुषांचाच आजार, असा समज आहे. पाळी गेल्यानंतर स्त्रियांतही याचं प्रमाण चांगलंच वाढतं. पण त्यांची लक्षणं वेगळी असतात. झोप न लागणं, सकाळी डोकं जड, थकवा, मन उदास. डॉक्टरांकडे गेल्या की ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत येतात. शिवाय बाई घोरते हे घरात बोलणंच लाजिरवाणं. नवऱ्याचं घोरणं हा विनोद आणि बायकोचं घोरणं हे गुपित. काकू आयुष्यभर काकांचे श्वास मोजत राहिल्या. काकूंचे कोण मोजणार? बहिणीने त्यांचीही तपासणी करायला लावली. सौम्य निघालं, कुशीवर झोपून आणि थोडं वजन उतरवून भागतंय.

आपल्यासारख्या कुटुंबांत आणखी एक अडचण आहे, आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. या आजाराला साक्षीदार लागतो. रोग्याला स्वतःला काही कळत नाही. पूर्वी वाड्यात ओळीने दहा माणसं झोपायची, निदान कुणीतरी ऐकायचं. आता मुलं पुण्याला, बंगळूरला, न्यू जर्सीला. घरात दोघंच, आणि घोरण्याचा त्रास नको म्हणून तीही वेगवेगळ्या खोल्यांत. दोघांतलं एक गेलं की उरलेल्याचा शेवटचा साक्षीदारही गेला. रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा छान दिसतात. रात्री अडीचला काय होतं ते कॅमेऱ्यात येत नाही.

म्हणून काय करायचं ते सांगतो. यातलं बहुतेक फुकट आहे.

एक, विचारा. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दिवसा पेंग, जास्त बीपी, पन्नाशीच्या पुढचं वय, जाड मान (चाळीस सेंटीमीटरच्या वर), लठ्ठपणा, पुरुष असणं. यातल्या तीन किंवा जास्त गोष्टी जुळल्या की डॉक्टरांशी बोला. टोरांटोच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये केलेली ही प्रश्नावली जगभर वापरतात. बारीक माणसालाही हा आजार होतो, तेव्हा ‘आमचे बाबा तर काडी आहेत’ म्हणून सोडू नका.

दोन, ऐका. आईबाबांकडे गेलात की त्यांना सांगून, त्यांच्या परवानगीने, रात्री फोनवर तासभर आवाज रेकॉर्ड करा. घोरणं, मग शांतता, मग दचकून मोठा श्वास. ही शांतता किती लांब आहे ते मोजा. डॉक्टरांपुढे हे रेकॉर्डिंग दहा वाक्यांपेक्षा जास्त बोलतं.

तीन, तपासणी करा. आता पुष्कळ ठिकाणी घरी नेऊन लावायचं यंत्र मिळतं, दवाखान्यात रात्र काढायची वेळ दरवेळी येत नाही. प्रत्येक घोरणाऱ्याला आजार असतोच असं नाही, म्हणून आकडा हवा. मोतीबिंदू किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा.

चार, झोपायची पद्धत. उताणं झोपल्यावर पुष्कळांचा त्रास वाढतो. आपल्याकडे दुपारी वामकुक्षी आहे, म्हणजे डाव्या कुशीवर. तीच कुस रात्रीही धरा. पाठीशी उशी लावा. वजन दहा टक्के उतरलं तर घटना साधारण पाव हिश्श्याने कमी होतात, असं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासात दिसलं. संध्याकाळची दारू बंद. आम्ही गुजरातवाले यावर हसतो, पण खरं आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. चालू असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा.

पाच, देवघरातला शंख. हसू नका. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये ३० रुग्णांचा एक छोटा अभ्यास छापला. सहा महिने नियमित शंख वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि श्वास अडणंही काहीसं उतरलं. अभ्यास अगदी लहान आहे आणि मशीनच्या जागी शंख असं कुणी समजू नये. पण घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो ही कल्पना वेडगळ नाही. नातवंडांना वाजवून दाखवायला निमित्त तर होईल.

‘आता या वयात मुखवटा लावून काय मिळवायचंय?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक म्हातारा माणूस विचारतो. चष्मा लावताना हा प्रश्न आपण विचारत नाही. कवळी लावताना विचारत नाही. कानाचं यंत्र लावताना थोडा विचारतो, आणि त्याचंही नुकसान भोगतो. श्वासाला मदत घेण्यात कसली लाज? पैशाचा प्रश्न खरा आहे, मशीन स्वस्त नाही. पण ज्या घरांत मुंजीच्या हॉलवर लाखाचा खर्च होतो तिथे ही सबब मला पटत नाही. आणि ज्या घरांत खरंच परवडत नाही तिथे आपल्या मंडळांनी पुढे यावं. गणेशोत्सवात रक्तदान शिबिर होतं, डोळे तपासणी होते. एक वर्ष झोपेच्या प्रश्नावलीचं टेबल मांडायला काय हरकत आहे? कागद, पेन, मान मोजायला शिंप्याची टेप आणि बीपीचं यंत्र. एवढ्यात होतं.

शेवटी एवढंच. महाराष्ट्रापासून दूर, दोन-तीनशे वर्षं दुसऱ्या भाषेच्या शेजारात राहिलेल्या आपल्या घरांचा इतिहास पुस्तकात फारसा नाही. सयाजीरावांवर ग्रंथ आहेत, होळकरांवर आहेत, शिंद्यांवर आहेत. पण त्यांच्या पदरी असलेल्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या, आचाऱ्याच्या घराचा इतिहास कुठे आहे? तो आपल्या सत्तरी-ऐंशीतल्या माणसांच्या डोक्यात आहे आणि तिथेच आहे. मराठी शाळांचे वर्ग रोडावले, वाचनालयांत म्हातारेच येतात, आणि तेच पेपर हातात धरून पेंगतात. त्या पेंगण्याकडे आपण कौतुकाने बघतो. यापुढे जरा काळजीने बघू या.

दिवाळीला घरी जाणार असाल तर फराळाच्या डब्यांबरोबर एक प्रश्न घेऊन जा आणि तो बाबांना नाही, आईला विचारा: ‘बाबा रात्री कसे झोपतात?’ मग तोच प्रश्न आईबद्दल बाबांना विचारा. उत्तर काय मिळालं ते इथे लिहा. पटलं नसेल तर तेही लिहा, वाद घालू. पण ती म्हण कृपा करून आता अडगळीत टाका.